लॉगिन अडलं की आधी सर्व्हरचा लॉग वाचा

ऐन कामाच्या वेळी पडद्यावर ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ असा संदेश येतो, समोर माणसं खोळंबतात आणि डेटाबेस सांभाळणाऱ्याचा हात सगळ्यात आधी पासवर्ड बदलण्याकडे जातो. तो हात तिथेच थांबवा. डेटाबेसमधल्या एकाच युजरच्या नावाने बिलिंगचा प्रोग्रॅम, रात्रीचा बॅकअप आणि महिनाअखेरचे रिपोर्ट अशी तीन-चार कामं चालत असतात. पासवर्ड बदलला की सुरळीत चाललेली कामंही बंद पडतात. दोष पासवर्डात नसला, तर तो जागच्या जागी राहतो आणि त्याच्या जोडीला नवे दोष येतात.

लॉगिन अडण्याची कारणं बरीच असली, तरी ती चार टप्प्यांत बसतात. जोडणी सर्व्हरपर्यंत पोहोचली का? पोहोचली, तर त्या ठिकाणाहून येण्याची परवानगी आहे का? आलेल्याची ओळख पटली का? आणि ओळख पटल्यावर हव्या त्या डेटाबेसमध्ये शिरण्याचा अधिकार आहे का? टप्पा एकदा ओळखला, की इलाज बहुतेक वेळा एक-दोन ओळींचा असतो. हे टप्पे आपण पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त डेटाबेसच्या आधारे पाहू. बोलताना आपण त्याला पोस्टग्रेसच म्हणतो. पायऱ्यांचा क्रम इतर डेटाबेसनाही लागू पडतो, फक्त फायलींची आणि आज्ञांची नावं बदलतात.

वापरणाऱ्याला अर्धंच दिसतं

पोस्टग्रेस वापरणाऱ्याला मुद्दाम कमी सांगतो. पासवर्ड चुकला, त्या नावाचा युजरच नसला, युजर आहे पण त्याला पासवर्डच दिलेला नाही किंवा पासवर्डची मुदत संपली, या चारही वेळी पडद्यावर येणारा संदेश एकच असतो. यामागे सुरक्षेचा विचार आहे. ‘असा युजर नाही’ असं स्पष्ट सांगितलं, तर नावं एकामागून एक टाकून पाहणाऱ्या चोराला खरी नावं कोणती ते कळेल.

खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. तिथे ‘फेटल’ने सुरू होणाऱ्या ओळीखाली ‘डिटेल’ची ओळ असते. रोल (म्हणजे युजर) अस्तित्वात नाही, पासवर्ड दिलेला नाही, मुदत संपली, साठवलेल्या पासवर्डशी जुळत नाही, असा नेमका खुलासा तिथे मिळतो. परवानगीच्या फाईलमधली (ती दुसऱ्या टप्प्यात पाहू) कितव्या क्रमांकाची ओळ या जोडणीला लागू झाली, हेही तिथेच असतं. पासवर्डच्या तक्रारीत याहून उपयोगी माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

डेबियन किंवा उबुंटूवर हा लॉग बहुधा ‘व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल’ या फोल्डरमध्ये सापडतो. रेडहॅटच्या कुळातल्या लिनक्सवर आणि विंडोजवर तो सहसा डेटा फोल्डरच्या आत ‘लॉग’ नावाच्या फोल्डरमध्ये असतो. डॉकरमध्ये ‘डॉकर लॉग्ज’ ही आज्ञा वापरा. लॉगमध्ये कोण कुठून आलं हे नीट दिसावं, म्हणून ‘लॉग_कनेक्शन्स’ हे सेटिंग चालू करा आणि ‘लॉग_लाइन_प्रीफिक्स’मध्ये युजर, डेटाबेस आणि मशीनचा पत्ता यांची चिन्हं घाला. २०२१ साली आलेल्या १४व्या आवृत्तीपासून ‘लॉग_कनेक्शन्स’ चालू असेल, तर ओळख कोणत्या पद्धतीने पटली याचीही नोंद होते.

पहिला टप्पा : बरोबर सर्व्हरपर्यंत पोहोचलात का?

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश आला, तर पासवर्डचा विचार डोक्यातून काढून टाका. त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. संदेश न येता बराच वेळ नुसतं थांबून ‘टाइम्ड आउट’ झालं, तर वाटेत फायरवॉल अडवत असण्याची शक्यता मोठी. ‘पीजी_इजरेडी’ ही छोटी आज्ञा पासवर्ड न मागता सर्व्हर जोडण्या स्वीकारतो आहे की नाही ते सांगते.

पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्याच मशीनवरून येणाऱ्या जोडण्या ऐकतो, कारण ‘लिसन_ॲड्रेसेस’ या सेटिंगची मूळ किंमत ‘लोकलहोस्ट’ असते. दुसऱ्या मशीनवरून यायचं असेल, तर तिथे सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता घालावा लागतो. हे सेटिंग बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. नुसत्या रीलोडने ते लागू होत नाही.

याच टप्प्यावर एक फसवी अडचण लपलेली असते. पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट ५४३२. उबुंटूवर जुनी आवृत्ती न काढता नवी टाकली, की नवीला पुढचा मोकळा पोर्ट मिळतो, म्हणजे बहुधा ५४३३. आपण नव्या सर्व्हरवर युजर तयार करतो, पण प्रोग्रॅम मात्र ५४३२ वर, म्हणजे जुन्या सर्व्हरवर जातो. तिथे तो युजरच नाही आणि संदेश येतो पासवर्ड चुकल्याचा! लॅपटॉपवर पोस्टग्रेस आधीपासून असताना डॉकरमध्ये दुसरा सुरू केला, तरी हाच घोळ होतो. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ ही आज्ञा डेबियन आणि उबुंटूवर कोणती आवृत्ती कोणत्या पोर्टवर आहे ते दाखवते. दुसरी सोपी खूण म्हणजे लॉग. लॉगिनचा प्रयत्न केल्यावर तुमच्यासमोरच्या लॉगमध्ये नवी ओळ उमटलीच नाही, तर तुम्ही दुसऱ्याच सर्व्हरचं दार ठोठावत आहात.

दुसरा टप्पा : परवानगीची फाईल

कुणाला कुठून येऊ द्यायचं आणि त्याची ओळख कशी पटवायची, हे ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ या फाईलमध्ये ठरतं. तिची नेमकी जागा ‘शो एचबीए_फाईल’ या आज्ञेने कळते. प्रत्येक ओळीत जोडणीचा प्रकार, डेटाबेस, युजर, पत्ता आणि ओळख पटवण्याची पद्धत या क्रमाने माहिती असते. ‘लोकल’ प्रकारच्या ओळीत पत्ता नसतो, कारण ती जोडणी नेटवर्कवरून येतच नाही.

ही फाईल सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखी वागते. तो यादी वरून खाली वाचतो, पहिलं जुळणारं नाव सापडलं की तिथेच निर्णय देतो आणि पुढची पानं उलटत नाही. वरच्या ओळीने पासवर्ड मागितला आणि तो चुकला, तर खाली दुसरी सोयीची ओळ असली तरी पोस्टग्रेस तिच्याकडे जात नाही. म्हणून फाईलच्या तळाशी नवी ओळ घालून ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणणाऱ्याने आधी वरच्या ओळी पाहाव्यात. एकही ओळ जुळली नाही, तर जोडणी नाकारली जाते आणि ‘नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री’ असा संदेश येतो. या संदेशात मशीनचा पत्ता, युजर आणि डेटाबेस तिन्ही दिलेले असतात. ते अक्षर न् अक्षर वाचा, कारण फाईलमधली ओळ त्यांच्याशीच जुळायला हवी.

हा संदेश आला की चार गोष्टी तपासा.

पहिली, पत्ता. तिरप्या रेघेपुढे ३२ लिहिलं, तर एकच मशीन. २४ लिहिलं, तर त्या गटातले सगळे २५६ पत्ते. ऑफिसच्या राउटरने मशीनला नवा पत्ता दिला, तर ३२ वाली ओळ एका रात्रीत निकामी होते.

दुसरी, आयपीव्ही६. ‘लोकलहोस्ट’ म्हटल्यावर जोडणी १२७.०.०.१ वरून येईलच असं नाही. ती आयपीव्ही६च्या पत्त्यावरूनही येऊ शकते. फाईलमध्ये दोन्हींसाठी वेगळ्या ओळी लागतात.

तिसरी, एन्क्रिप्शन. संदेशाच्या शेवटी ‘नो एन्क्रिप्शन’ असेल आणि तुमची ओळ ‘होस्टएसएसएल’ने सुरू होत असेल, तर प्रोग्रॅम साध्या जोडणीने येतो आहे. प्रोग्रॅममधलं ‘एसएसएलमोड’ सेटिंग दुरुस्त करा.

चौथी, रेप्लिकेशन. डेटाबेसच्या जागी ‘ऑल’ लिहिलं, तरी त्यात दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवणारी रेप्लिकेशनची जोडणी येत नाही. तिच्यासाठी ‘रेप्लिकेशन’ असा शब्द असलेली वेगळी ओळ हवी.

फाईल बदलल्यावर रीलोड पुरेसं असतं, रीस्टार्ट लागत नाही. मात्र फाईलमध्ये एखादी चूक असेल, तर रीलोडच्या वेळी पोस्टग्रेस जुनेच नियम चालू ठेवतो आणि तसं लॉगमध्ये लिहितो. पुढे कधी सर्व्हर रीस्टार्ट झाला, की त्याच चुकीमुळे तो सुरूच होत नाही. म्हणून रीलोडच्या आधी ‘पीजी_एचबीए_फाईल_रूल्स’ हा व्ह्यू पाहण्याची सवय लावा. फाईलची ओळ न् ओळ कशी वाचली गेली आणि कुठे चूक आहे, हे तो दाखवतो. २०१७ साली आलेल्या १०व्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

तिसरा टप्पा : ओळख पटत नाही

लिनक्सवर पोस्टग्रेस नवा टाकल्यावर अनेकांना पहिल्यांदा भेटतो तो ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ हा संदेश. ‘पीअर’ पद्धतीत पासवर्ड विचारलाच जात नाही. तुम्ही लिनक्समध्ये ज्या नावाने आहात, त्याच नावाचा डेटाबेस युजर मागत आहात का, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे इथे कितीही पासवर्ड बदलले, तरी उपयोग नाही. व्यवस्थापकाचं काम असेल, तर लिनक्सच्या ‘पोस्टग्रेस’ या युजरच्या नावाने आज्ञा चालवा. पासवर्डने यायचं असेल, तर आज्ञेत ‘लोकलहोस्ट’ हा होस्ट स्पष्ट लिहा, म्हणजे जोडणी नेटवर्कच्या वाटेने येईल आणि तिला ‘होस्ट’च्या ओळी लागू होतील.

पासवर्डची पद्धत असेल, तर आधी एक प्रश्न विचारा : प्रोग्रॅम नेमका कोणता पासवर्ड पाठवतो आहे? आपण टाइप केलेलाच जातो, असं गृहीत धरू नका. ‘पीजीपासवर्ड’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुठेतरी भरून ठेवलेला असतो. नाही तर होम फोल्डरमधल्या ‘पीजीपास’ फाईलमध्ये जुना पासवर्ड पडून असतो. पीजीपास फाईलमधून घेतलेला पासवर्ड चुकला, तर तसा उल्लेख संदेशातच असतो. लिनक्सवर या फाईलची परवानगी ०६०० पेक्षा सैल असली, तर ती वाचलीच जात नाही, आणि रात्रीचा बॅकअप पासवर्ड नसल्यामुळे अडतो. खात्री करायची असेल, तर ‘पीएसक्यूएल’ला मोठ्या डब्ल्यूचा पर्याय देऊन हाताने पासवर्ड टाका. हाताने जमतं आणि प्रोग्रॅमला जमत नाही, तर दोष प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये आहे.

जोडणीचा पत्ता यूआरएलच्या रूपात लिहिला असेल, तर पासवर्डातली चिन्हं तपासा. ‘ॲट’, तिरपी रेघ, कोलन किंवा हॅश यांना यूआरएलमध्ये स्वतःचा अर्थ असतो. ती चिन्हं टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात लिहावी लागतात, नाही तर पासवर्ड मध्येच तुटतो.

डॉकर वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. ‘पोस्टग्रेस_पासवर्ड’ हे सेटिंग डेटाचा फोल्डर रिकामा असताना, म्हणजे पहिल्यांदा सुरू होतानाच वापरलं जातं. पुढे कंपोज फाईलमध्ये ते कितीही वेळा बदललं, तरी डेटाबेसमधला पासवर्ड जुनाच राहतो. तो डेटाबेसच्या आत जाऊनच बदलावा लागतो. दुसरं म्हणजे, अधिकृत इमेजमध्ये कंटेनरच्या आतून येणाऱ्या स्थानिक जोडणीला पासवर्ड विचारला जात नाही. त्यामुळे आत जाऊन ‘पासवर्ड चालतो आहे’ असा निष्कर्ष काढला, तर तो फसवा ठरतो. चाचणी नेहमी बाहेरून करा.

युजरच्या नावातली लहान-मोठी अक्षरंही घात करतात. अवतरणचिन्हांशिवाय नाव लिहून युजर तयार केला, तर पोस्टग्रेस ते सगळं लहान अक्षरांत साठवतो. लॉगिन करताना मात्र नाव जसंच्या तसं जुळावं लागतं. तयार करताना मोठ्या अक्षराने लिहिलेलं नाव लॉगिनच्या वेळीही तसंच दिलं, की युजर सापडत नाही.

जुने सर्व्हर अद्ययावत करताना येणारी अडचण वेगळी आहे. पोस्टग्रेस पूर्वी पासवर्ड एमडी५ पद्धतीने साठवत असे. १०व्या आवृत्तीत स्क्रॅम ही जास्त भक्कम पद्धत आली आणि १४व्या आवृत्तीपासून नवा पासवर्ड साठवताना तीच मूळ पद्धत झाली. १८व्या आवृत्तीत तर एमडी५ पुढे काढून टाकण्याचा इशारा दिलेला आहे. फाईलमध्ये ‘स्क्रॅम’ लिहिलं आणि युजरचा पासवर्ड एमडी५ रूपात साठवलेला असला, तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. साठवलेल्या रूपातून मूळ पासवर्ड काढता येत नाही, म्हणून आपोआप रूपांतरही होत नाही.

इथे कामाचा क्रम सांभाळा. आधी ‘पासवर्ड_एन्क्रिप्शन’ स्क्रॅमवर न्या. मग प्रत्येक युजरचा पासवर्ड पुन्हा भरा. तो पासवर्ड जुनाच असला, तरी चालतो. ‘पीजी_ऑथआयडी’ या तक्त्यात व्यवस्थापकाला कुणाचं रूप अजून एमडी५ आहे ते दिसतं. सगळ्यांचं काम झालं, की मगच परवानगीच्या फाईलमध्ये ‘एमडी५’च्या जागी ‘स्क्रॅम’ लिहा. फाईलमध्ये ‘एमडी५’ असेपर्यंत दोन्ही रूपांतले पासवर्ड चालतात, त्यामुळे मधल्या काळात कुणाचं काम अडत नाही. मात्र पासवर्ड पुन्हा भरण्याआधीच एवढी खात्री करा, की प्रोग्रॅमचा ड्रायव्हर स्क्रॅम जाणणारा आहे. जुने ड्रायव्हर ‘ही पद्धत येत नाही’ असं सांगून थांबतात. अशा वेळी ड्रायव्हर बदला, सर्व्हरची सुरक्षा खाली आणू नका.

चौथा टप्पा : ओळख पटली, पण आत जाता येत नाही

‘नॉट परमिटेड टू लॉग इन’ असा संदेश असेल, तर रोल तयार करताना लॉगिनचा अधिकार द्यायचा राहिला. ‘क्रिएट युजर’ या आज्ञेने तो अधिकार मिळतो, ‘क्रिएट रोल’ने मिळत नाही. ‘ऑल्टर रोल’ने तो देता येतो.

‘डेटाबेस डज नॉट एक्झिस्ट’ असं आलं आणि संदेशात डेटाबेसचं नाव युजरच्याच नावासारखं दिसलं, तर तुम्ही डेटाबेसचं नाव दिलेलंच नाही. नाव न दिल्यास पोस्टग्रेस युजरच्याच नावाचा डेटाबेस शोधतो.

‘परमिशन डिनाइड फॉर डेटाबेस’ म्हणजे त्या डेटाबेसवर ‘कनेक्ट’चा अधिकार नाही. हा अधिकार मुळात सगळ्यांना असतो, पण सुरक्षेसाठी तो अनेक ठिकाणी काढून घेतलेला असतो. मग नव्या युजरला तो आठवणीने द्यावा लागतो.

‘टू मेनी क्लायंट्स’ हा संदेश तर ओळखीशी संबंधितच नाही. जोडण्यांची मर्यादा भरली, एवढंच तो सांगतो. ही मर्यादा मुळात १०० असते. ती वाढवण्याआधी कोणता प्रोग्रॅम जोडण्या उघडून बंद करत नाही, ते ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’मध्ये पाहा.

व्यवस्थापकाचाच पासवर्ड हरवला तर

लिनक्सवर ‘पीअर’ची ओळ शाबूत असेल, तर काळजीचं कारण नाही. सर्व्हरवर रूट अधिकार असलेला माणूस ‘पोस्टग्रेस’ युजरच्या नावाने पासवर्डशिवाय आत जाऊन नवा पासवर्ड ठेवू शकतो. त्यासाठी पीएसक्यूएलमधली ‘बॅकस्लॅश पासवर्ड’ ही आज्ञा वापरा. ती पासवर्डचं सांकेतिक रूप आधी तयार करते आणि तेच सर्व्हरकडे पाठवते, त्यामुळे मूळ पासवर्ड लॉगमध्ये उघडा पडत नाही.

ती सोय नसेल, विशेषतः विंडोजवर, तर परवानगीच्या फाईलमध्ये सगळ्यात वर फक्त त्या मशीनपुरती, फक्त त्या युजरपुरती ‘ट्रस्ट’ पद्धतीची, म्हणजे पासवर्ड न विचारणारी ओळ घालावी, रीलोड करावं, पासवर्ड बदलावा आणि ती ओळ लगेच काढून पुन्हा रीलोड करावं. तेवढा वेळ बाहेरच्या जोडण्या बंद ठेवलेल्या बऱ्या.

याच ‘ट्रस्ट’चा गैरवापर सगळ्यात जास्त नुकसान करतो. कंटाळलेला माणूस ०.०.०.०/० या पत्त्यासमोर ‘ट्रस्ट’ लिहितो, लॉगिन सुरू होतं आणि ओळ तशीच राहते. आता सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणाऱ्या कुठल्याही मशीनवरून, कुठल्याही युजरच्या नावाने, पासवर्डशिवाय आत येता येतं. सुपरयुजरच्या नावाने आलेला माणूस नुसता डेटा वाचून थांबत नाही. ‘कॉपी’ या आज्ञेतून त्याला सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येतो. म्हणजे डेटाबेसबरोबर मशीनही त्याच्या हाती जाऊ शकतं. इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. तुमच्या डेटाबेसमध्ये रुग्णांचे तपशील असतील, पतसंस्थेची खाती असतील, विद्यार्थ्यांचे गुण असतील. त्या माणसांनी तुम्हाला निवडलेलं नाही, पण त्यांची माहिती तुमच्या भरवशावर आहे. अर्धा तास जास्त लागला तरी चालेल, पण लॉगिन सुरू करण्यासाठी हे दार कधीही उघडं टाकू नका.

दुरुस्तीनंतर

लॉगिन सुरू झालं म्हणजे काम संपलं असं समजू नका. ज्या मशीनवरून तक्रार आली होती तिथूनच, त्याच प्रोग्रॅममधून लॉगिन करून पाहा. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन पाहा. तो चालला, तर एखादी ‘ट्रस्ट’ची ओळ तुमच्या नजरेतून सुटली आहे. परवानगी नसलेल्या मशीनवरूनही एकदा प्रयत्न करा. तिथून नकारच यायला हवा.

शेवटी परवानगीच्या फाईलमध्ये बदललेल्या ओळीच्या वर हॅश चिन्ह देऊन तारीख, कारण आणि ही ओळ कोणत्या प्रोग्रॅमसाठी आहे ते लिहा. तुमच्या जागी उद्या येणाऱ्या माणसाला ती ओळ ठेवायची की काढायची, हे त्यावरूनच ठरवता येईल.